न्हाणीमागची भारंगी

न्हाणीमागे अळू असतं. सगळ्यांकडेच असतं.
मोरीचं पाणी साबणाचा फेस घेऊन
जिथे चिऱ्याच्या पन्हळीतून उतरतं
तिथे अळू, एखादी केळ, आणि बेडूक.

त्या ओलीत मी भारंगी लावली
तेव्हा भावोजी म्हणाले,
“डोंगरात फुकट उगवतं, त्याला आता
आंघोळ घालणार?”
घालतच होते. रोज दोन बादल्या,
एक माझ्या अंगावरून, एक त्यांच्या.

मूळ वेणू गोरिवलेने दिलं.
पालशेतच्या बाजारात ती रानभाज्यांचे वाटे लावते,
टाकळा, फोडशी, शेवळं.
सड्यावरची चिऱ्याची खाण सरकत सरकत
तिच्या नेहमीच्या जागेपर्यंत आली,
तेव्हा कुदळीने काढून, गोणपाटात गुंडाळून
तिने ते माझ्या पिशवीत टाकलं, सुकटीशेजारी.
गाठाळ, काळं, नुसतं लाकूड.
“उलटं नको लावूस,” एवढंच सांगितलं.
सुलटं कुठलं ते विचारायला मी विसरले.

आडवं लावलं.

दीड महिना काही नाही.
मग एका सकाळी दात घासताना
मातीतून तांबूस टोक वर आलेलं दिसलं,
आणि पुढे पेऱ्यापेऱ्याला तीन तीन पानं,
कडा करवतीच्या.

पहिल्या वर्षी आम्ही ती खाल्ली.
कोवळी खुडली, उकडली, कडू पाणी पिळून टाकलं,
कांदा, सुकट, वरून ओलं खोबरं.
दुसऱ्या वर्षीही खाल्ली.
तिसऱ्या वर्षी शेंड्यावर गेलेला हात
तिथेच राहिला.
बावन्न वर्षं मी ही भाजी खाते आहे.
हिला फूल कसलं येतं?

भावोजींना विचारलं. ते म्हणाले, पिवळं असणार.
वेणूला विचारलं. जुडी बांधता बांधता ती म्हणाली,
“खुडलंस त भाजी. नाय खुडलंस त काय व्हतं
मला काय ठावं? आमी कदी ऱ्हेवंच दिली नाय.”

म्हणून एक झुडूप सोडलं.
सुनेने चुकून खुडू नये
म्हणून त्याला लाल चिंधी बांधली.

गौरी बोळवल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी.
चार पाकळ्या फिकट,
नीळ जास्त झालेल्या धोतरासारख्या,
आणि पाचवी, खालची, जिभेसारखी पुढे आलेली,
शाईत बुडवून काढलेली.
केसर लांब, वर वळलेले, मांजराच्या मिशा.
मी तांब्या हातात धरून उभी.
आत बंबातलं पाणी कढून कढून निम्म्यावर आलं.
इतकी वर्षं हे मी मीठ घालून गिळत होते
असं मनात आलं.
वाईट वाटलं म्हणावं, तर तेही नाही.
भाजी चांगलीच लागते.

दिवाळीपर्यंत फळं धरली.
हिरवी, जांभळी, जवळजवळ काळी,
एकाच तुऱ्यावर सगळी,
तुटलेली पोत हाताला लागतील तसे मणी घेऊन
पुन्हा ओवावी, तशी.
बुलबुल आले. पोटभर खाऊन
दोरीवरच्या भावोजींच्या पांढऱ्या लेंग्यावर
जांभळ्या शाईत हिशोब मांडून गेले.
तो डाग अजून आहे.

आणि गेल्या आषाढात पलीकडून
रुकय्या मुकादमची हाक,
“तुझं रान माझ्या गडग्यात शिरलं गो!”
जाऊन पाहिलं. चिऱ्यांच्या फटीत
वीतभर भारंगी, अंग चोरून.
“उपटू काय?”
“भाजी कर,” म्हटलं.
मग दोन पावलं परत आले.
“नाहीतर राहू दे. खुडू नकोस.
फूल येईल.”

ती गडग्यावर कोपर टेकून,
“कसलं फूल?”

सांगणार होते. निळ्याचा नि
अक्षरही तोंडात जुळलं होतं.

“पिवळं असणार,” म्हटलं,
आणि न्हाणीकडे वळले.