फक्त पहिले गृहीतक

भांडुपला पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर माझा क्लास.
खाली दळण सुरू झालं की फळा थरथरतो
आणि मी लिहिलेलं विधान जरा हललेलं दिसतं.
मुलांना सवय आहे. बँकेची परीक्षा देणाऱ्यांना
कशाकशाची सवय असते.

आज गृहीतकं. मी सांगतो:
जे लिहिलेलं नाही, पण ज्याच्यावाचून
लिहिलेलं उभं राहत नाही, ते.
पर्यायात जे मोठ्याने बोलतं ते सोडा.
सर्व, नेहमी, केवळ
असले शब्द दिसले की खिसा सांभाळा.
खरं गृहीतक गरीब असतं,
वाक्याला बसायला पाट देतं
आणि स्वतः उंबऱ्याशी उभं राहतं.

सापडलं असं वाटलं तर उलटं करून बघा.
नाही म्हणा त्याला.
विधान कोसळलं, तर तेच.
नाही कोसळलं, तर तो नुसता पाहुणा होता.

मग फळ्यावर:
"उद्या पाणी पहाटे साडेचार ते सव्वापाच येईल.
रहिवाशांनी भरून ठेवावे."
एक, रहिवासी सूचना वाचतात.
दोन, रहिवाशांकडे मोठी पिंपं आहेत.
उत्तरतालिकेत: फक्त पहिले.

मागच्या बाकावरून भाविका घाग:
"सर, साडेचारला कुणीतरी उठतं, हे तिसरं."
"ते पर्यायात नाहीये."
"म्हणून तर विचारतेय."
वर्ग हसला, मीही हसलो.
खाली कुणाची तरी बाजरी लागली,
फळा थरथरला.

रात्री अकराला मी पेपर शरयूताईच्या हातात देतो.
टेलिफोन खात्यातून ती मुदतीआधी निवृत्त झाली
तेव्हापासून, म्हणजे सोळा वर्षं.
हिरव्या रिफिलने तपासते.
सकाळी टेबलावर पेपर, त्यावर चष्म्याचं घर,
शेजारी झाकलेला चहा, मोरीत भरलेलं पिंप.
झेरॉक्सवाला सातला उघडतो.

त्या रात्री बूट काढता काढता म्हणालो,
"ताई, एवढं बघून ठेव, सकाळी छापायचंय."
ती ताकात भात कालवत होती.
म्हणाली, "हं. हे झालं विधान."
मला वाटलं, चेष्टा.

सकाळी पेपर कोरा. म्हणजे हिरवं काही नाही.
चष्म्याचं घरही नाही. एक चिठ्ठी,
माझ्याच नमुन्यात, माझ्यापेक्षा सुवाच्य:

"एक, ताईचे डोळे दुखत नाहीत.
दोन, ताईला कुठं जायचं नसतं.
कुमुदकडे पालघरला जातेय, सोमवारपर्यंत.
उलटं करून बघ."

पिंप रिकामं होतं.

पेपर मी तसाच छापला.
चौतिसाव्या प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर निघाली,
एकोणचाळिसाव्याला एकही नाही.
मुलांनी मला पाऊण तास धरून ठेवलं
आणि मी म्हणत राहिलो, छपाईची चूक, छपाईची चूक,
जणू छापखान्यात कुणी माणूसच नसतो.

दुसऱ्या पहाटे गजर लावून उठलो.
नळ आधी खोकला, मग बोलला.
बादलीखाली हात धरून उभा होतो तर समोरच्या चाळीत
एकेका मोरीत दिवा. सोळा वर्षं
ही वस्ती या वेळी झोपलेली असते
असं मला पक्कं ठाऊक होतं.

वर्गात गेल्या गेल्या म्हणालो,
"भाविका, तुझं तिसरं बरोबर.
तुझी आई उठत असणार ना साडेचारला?"

"नाही सर, बाबा.
वॉचमन आहेत, चारला सुटतात.
पाणी भरतात आणि मगच झोपतात."

मी खडू उचलला.
खाली गिरणी बंद होती, फळा अगदी स्थिर.
काय लिहायचं होतं ते आठवेना.