तीन तास, एक माणूस

पावतीवर लिहिलं होतं: तीन तास, एक माणूस,
पाण्याची बाटली दरात धरलेली.
नैरोबीहून येताना मस्कतला दिवसभराचा खोळंबा,
आणि माझ्या एकटीसाठी एवढी मोठी पांढरी गाडी.
उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

पुढे बसा, तो म्हणाला,
मागे बसलात तर मी नुसता ड्रायव्हर उरतो.
नाव शंबे. बलोचीत शनिवार.
शनिवारी जन्मला, म्हणून.
धाकटा मात्र जुम्मा, बुधवारचा असूनही,
कारण आई म्हणाली,
घरात एक तरी सुट्टीच्या वाराचा असू दे.

मोठी मशीद बाहेरूनच. बाहेरच्यांची वेळ
अकरालाच संपलेली.
संगमरवरावर एकजण फरशी पुसत होता,
पुसलेलीच पुन्हा.
ऑपेरा हाऊसपाशी गाडीचा वेग फक्त कमी झाला.
इथं उतरायचं नाही, शंबे म्हणाला,
इथं नुसतं वा म्हणायचं.
म्हटलं.

मत्रहच्या बाजारात लोबानाचे खडे:
हिरवट तो अस्सल, पिवळा तो पाहुण्यांना.
माझ्यापुढे पिवळा आला.
शंबे काही बोलला नाही, नुसता खाकरला,
तशी फळीमागून हिरवट डबी निघाली.
सुटे परत मिळाले, ते बैसे.
आमच्याकडे पैसा म्हणतात, मी सांगितलं.
टोपी सारखी करत तो म्हणाला,
नाव बदलून आला तरी
राहत नाहीच ना हातात.

मग राजवाडा, निळे-सोनेरी खांब, माझा फोटो,
त्यात माझी सावलीच जास्त.
पन्नास मिनिटं उरली होती.
आता यादीतलं संपलं, तो म्हणाला,
आणि मला मागच्या बाजूला, पाण्याकडे घेऊन गेला.

दोन किल्ल्यांच्या मधे अडकलेला समुद्र,
पलीकडे उघडा काळा कातळ
आणि कातळभर अक्षरं.
पांढरी, विटकी, काही अर्धी गळालेली.
जहाजांची नावं. खलाशी यायचे,
कमरेला दोर बांधून लोंबकळायचे,
आपल्या जहाजाचं नाव रंगवून निघून जायचे
जिकडे जायचं तिकडे.
त्यांना कातळापर्यंत नेणारी होडी शंबेच्या बापाची.
वल्हं तोच मारायचा, रंगाचा डबा तोच धरायचा.
मजुरी म्हणजे उरलेला रंग.
त्यामुळे आमचं दार पांढरं, शंबे म्हणाला,
खिडकी पांढरी, पाण्याचं पिंप पांढरं,
एका वर्षी तर बकरीची शिंगंसुद्धा.

बापाला अक्षर येत नव्हतं.
एकदा डब्यात तळाला थोडा रंग राहिला
तेव्हा त्यानं पंजा बुडवला
आणि उमटवला कातळावर.
तो बघा, त्या मोडक्या आरच्या खाली,
थोडं डावीकडे, भेगेच्या वर.

मी डोळ्यांवर हात धरला.
ऊन पाण्यावरून उलटं येत होतं.
आर दिसला. भेग दिसली.
पक्ष्यांची घाण दिसली, पुष्कळ.
दिसला? त्यानं विचारलं.
दिसला, मी म्हटलं.

सगळेच म्हणतात, तो हसला.
परवा दोन जर्मन म्हातारे आले होते,
त्यांनाही दिसला.
मला मात्र वीस वर्षांत नाही.
रंग गेला की माझी नजर, कळत नाही.
विचारायचं कुणाला? जुम्मा तर म्हणतो
पंजा कधी नव्हताच, बाप गप्पिष्ट होता.

घामाने बाटलीचा कागद सुटून
माझ्या हाताला चिकटला होता.
तो सोलत उभी राहिले.

अंगठा कुठल्या बाजूला होता?
अचानक त्यानं विचारलं,
कातळाकडे न बघता, माझ्याकडे बघत.

आता माघार घेता येत नव्हती.
उजव्या, मी म्हटलं.

त्यानं आपले दोन्ही हात वर केले,
हवेतच एका भिंतीला टेकवले,
एक खाली घेतला,
उरलेल्याकडे बघत राहिला.

म्हणजे डावा, तो म्हणाला.
बरोबर आहे.
उजव्यात डबा असणार.