जंबेरी

माझं काम डोळे बांधायचं.
शंभराला ठरलेला भाव. उकिडवं बसायचं,
जमिनीपासून वीतभर वर
जंबेरीच्या खुंटाला उभी-आडवी चीर द्यायची,
साल नखानं अलगद उचलायची,
आत संत्र्याचा डोळा सरकवायचा,
वरून पट्टी. झालं.
मूळ आंबट, फांदी गोड.
या जोडावर माझं पोट भरत आलंय
एकतीस वर्षं.

शिकायला येणाऱ्या पोरांना सांगतो,
जोडाखालून फुटवा आला की मोडायचा.
काटेरी असतो, जोमानं वाढतो,
बघता बघता झाड ताब्यात घेतो.
पोरं विचारतात, किती वर्षं मोडायचा?
मी म्हणतो, झाड हाये तोवर.
हे मी लोकांच्या झाडांबद्दल
सांगत आलो.

उकंडानं दोनशे कलमं नेली, त्याच आठवड्यात
भजनातली खंजेरी त्याच्या हाती गेली होती.
एवढंच.
शेत नाही, बांध नाही,
एक खंजेरी, तीही मंडळाची,
कातडं सैल झालेली.
मी हसलो, टाळ उचलले.
कुणीतरी म्हणालं,
"जानरावच्या मनात काई नसते बा."
मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे बांधताना
डोळा न धरलेली अकरा रोपं,
नुसती जंबेरी, हिरवीगार, माजलेली,
हातानं उचलली, मधोमध घातली,
बारदान गुंडाळलं, सुतळी करकचून ओढली.
हातानं म्हणतो,
कारण मी तेव्हा हमालाशी
तंबाखूच्या भावाबद्दल बोलत होतो.

सहा वर्षांनी, आंबिया तुटायच्या दिवसांत,
उकंडानं बोलावलं.
"ये ना बा, पाय लाव बगीच्याले."
ओळीनं संत्री, बांबूच्या टेकूंवर रेललेली,
आणि मधेच, इथं एक, तिथं दोन,
खडबडीत पिवळ्या फळांनी लवलेली अकरा झाडं.
मोजायची गरज नव्हती. मी मोजली.

"कापली नाईत?"
माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.
"कुऱ्हाड घेऊन गेल्तो एक डाव.
मंग म्हटलं, यायचा काय गुन्हा?
आपल्या मुळावर गेली बिचारी."
'मुळावर' म्हणताना
तो खाली वाकून एक फळ उचलत होता.

पंचफुलाबाईनं ताट वाढलं.
भाकर, भरीत, लोणच्याची फोड.
"तुमच्या हातच्याच झाडाचं हाये, भाऊजी."
उकंडा माझ्याकडं बघत नव्हता,
ताटाकडं बघत होता.
त्याला ठाऊक होतं का? सहाही वर्षं?
बोलायची वेळ होती ती.
मी म्हणालो, मीठ बेताचं पडलंय,
आणि आणखी एक फोड मागून घेतली.

नाल्याच्या काठानं घरी येईस्तोवर
दात आंबलेले होते.
बाहीत एक काटा निघाला.
तो फेकला नाही. का, ते माहीत नाही.
कलमाच्या चाकूसोबत डबीत ठेवलाय.

आता संध्याकाळी प्रार्थनेला बसलो
की पुढून कुणी म्हणतं, डोळे मिटा.
बाकीच्यांना काय दिसत असेल,
विचारायची रीत नाही.
मला बगीचा दिसतो.
संत्र्यांकडं मी बघत नाही.
मोजतो. एक, दोन, तीन.
खंजेरी घुमते. उकंडाचा हात चांगला आहे.
तेव्हाही होता.
नऊ, दहा, अकरा.

इथं थांबायला हवं,
पण कुंपणापलीकडं अजून पाला हलतो,
तसाच काटेरी, तसाच जोमाचा,
आणि ती कुणाला दिली होती
हे आठवत बसावं लागतं.