तिरकसमापक

तोक्तोसुनमामाच्या उआझ गाडीत
डॅशबोर्डवर तारेनं घट्ट आवळलेली
एक उभी बाटली. अर्धी वोडका, अर्धी हवा.
मामा सांगतो, हे विमानातलं यंत्र आहे,
फक्त विमान वजा केलंय.

काचेवर बुरुलमामीच्या नेलपॉलिशच्या
लाल रेघा, एकावर एक.
गाडी उजवीकडे, म्हणजे दरीकडे, कलली
की वोडका रेघा चढू लागते.
पहिली रेघ : रस्ता.
दुसरी : इथं रस्ता होता.
तिसरी : मामी बोलायची थांबते.
चौथी : मामी पुन्हा बोलू लागते,
मामाचं नाव बापाच्या नावासकट घेऊन.
पाचवीपुढे काही लिहिलेलं नाही.
तिथं पोचल्यावर वाचत कोण बसणार?

आणि परत येताना, दरी डावीकडे असते तेव्हा?
बाटली फिरवायची. त्यात काय!

पाणी का नाही भरलं, असं कुणी विचारलं
तर मामा त्याच्याकडे दयेनं बघतो.
नारीनची थंडी पाण्याला धरते आणि त्याचा दगड करते.
गोठलेलं यंत्र दरीत पडतानाही म्हणेल,
सगळं जागच्या जागी आहे.
वोडका गोठत नाही. विज्ञान आहे हे.
(विज्ञानाची उधारी दुकानात मामीच्या नावावर.)

त्या जूनमध्ये आम्ही वरच्या कुरणाकडे निघालो.
मागे नमद्याच्या गुंडाळ्या, दोन कोकरं, मी,
माझ्या मांडीवर बोर्सोकची पिशवी आणि एका कोकराची मान.
मामी मधे, गिअरच्या दांड्याला गुडघा चुकवत.
खिडकीशी, बाटलीला अगदी लागून,
असानाली मास्तर, निवृत्त, भूमिती शिकवायचे.
त्यांना खोकला होता.

घाट चढत गेला, खोकला उतरत गेला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
बाटली रिकामी होते तसतसा
डोंगर सपाट होत जातो,
हे मास्तरांना माहीत असणारच,
पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वितळलेल्या बर्फानं एका वळणावर
रस्त्याची कड खाऊन टाकली होती.
मामी तिच्या बहिणीच्या सुनेबद्दल सांगत होती
आणि सून चहात मीठ किती टाकते
यावर येऊन मधेच
गप्प झाली.

मामानं बाटलीकडे बघितलं. दुसरी रेघ.
मामीकडे बघितलं.
पुन्हा बाटलीकडे.
“यंत्र दोन म्हणतंय,” मामा पुटपुटला.
मामी काहीच म्हणाली नाही.
मामानं ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले.

आम्ही डाव्या दारानं उतरलो, एकेक, श्वाससुद्धा डावीकडे टाकत.
उजवं मागचं चाक हवेत होतं,
सावकाश फिरत होतं,
काही सुचत नसलेल्या माणसाच्या बोटातल्या
किल्लीसारखं.
मग कोकरांसकट सगळे डाव्या पायरीवर लटकलो,
नमद्याचं वजन त्याच बाजूला बांधलं,
मामानं अल्लाचं नाव घेतलं, नंतर गाडीच्या कारखान्याचं,
आणि उआझ खोकत मागे आली.

मास्तर दगडावर बसून म्हणाले,
“तत्त्व बरोबर आहे, तोक्तोसुन.
मोजणाऱ्याला तहान लागता कामा नये, एवढंच.”

आता बाटलीत निळं अँटिफ्रीझ आहे.
मामीनं तिच्यावर कवटी काढलीय,
तिला मास्तरांसारखा चष्माही घातलाय.
कुणी पीत नाही. खरं तर कुणी बघतही नाही.
घाट लागला की सगळी गाडी
मामीच्या तोंडाकडे डोळे लावून बसते.

मामीला ते कळलंय.
परवा बाजाराच्या सरळसोट, सपाट रस्त्यावर
बटाट्याचा भाव सांगता सांगता
ती उगाच थांबली.
मामानं ब्रेक मारला.
मागून ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.
मामी खिडकीबाहेर बघत होती,
गालात सूर्यफुलाची बी घोळवत.