मधलं रूप

पहिल्या दिवशी डूगल गेडिसनं मला स्टुलावर बसवलं.
म्हणाला, आधी विचार, तू कोण.
तारका, आय-डी-एन, प्रश्नचिन्ह.
मीटरनं सांगितलं: कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक,
पोटातल्या प्रोग्रामची आवृत्ती.
"माणसं एवढी नीट ओळख देत नाहीत, इशबेल,"
असं म्हणून चहा आणायला गेला
तो उगवला दुपारी दोनला.

क्वीन्सफेरीत खिडकीबाहेर तांबडा रेल्वेपूल,
धुकं असलं की नुसता त्याचा आवाज.
आत आम्ही अपूर्णविराम धरून
झाडावर चढायचो,
मेझर, मग व्होल्टेज, मग डीसी,
शेंड्याला प्रश्नचिन्ह टांगायचं
आणि गप्प बसायचं.

गप्प बसणं मला जमायचं नाही.
पहिलं उत्तर उचलायच्या आत दुसरा प्रश्न.
उणे चारशे दहा.
डूगल पडद्याकडे न बघताच ओळखायचा:
"पुन्हा मध्ये बोललीस."

आणि शब्दांचं असं, की
व्होल्टेज चालतं.
व्होल्ट चालतं.
व्होल्टे चालत नाही.
पूर्ण तरी लिहा, नाहीतर ठरवून दिलेलं आखूड,
मधल्याला यंत्र दारात उभं करत नाही.
उणे एकशे तेरा, असा शब्द माझ्याकडे नाही.
मला ते उर्मट वाटायचं. डूगलला प्रामाणिक.

फेब्रुवारीत त्याच्या डोक्यात, डाव्या बाजूला,
रक्ताची एक गुठळी अडली.

आता शनिवारी मी तोच पूल ओलांडते,
पलीकडे इन्व्हरकिदिंगला, त्याच्या बहिणीकडे.
ऊना दार उघडते, कुत्र्याला आवरते,
आणि बाजाराला जाते, तेवढीच तिला सुटी.
तो खिडकीशी. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा.

"केट," म्हणतो. "केट."
केटली असेल.
किंवा केट, जी एकोणीसशे एक्याण्णवला
कॅनडाला गेली आणि परत आली नाही.
तोडलेला शब्द, कुठल्याच पुस्तकात न बसणारा,
कपाळावर घाम आणून ढकललेला.
मी उठून पाणी ठेवते.
चुकलं असेल तर असू दे.
निदान काहीतरी उकळू लागतं.

साखर घालू? दूध? बिस्किट हवं?
त्याच्या डोळ्यांत ते जुनं, ओळखीचं.
पुन्हा मध्ये बोललीस.

चुकांची एक रांग असते यंत्रात,
सगळ्यात जुनी आधी बाहेर येते,
विचारत राहायचं शून्य येईपर्यंत.
माझ्या रांगेत अगदी पुढे
त्या वर्षीचा नाताळ आहे, तो एकटा होता
आणि मी फोन केला नाही.
हे त्याला सांगायचं राहिलं. आजही राहतं.

कप संपायला पाऊण तास लागतो.
एक गाडी पुलावरून जाते, मग दुसरी.
मी हात मांडीखाली दाबून बसते
आणि एकदाच विचारते:
झालं?

ह्या प्रश्नाला यंत्र लगेच बोलत नाही,
हातातलं काम उरकल्यावर
एवढंच पाठवतं: एक.

कुत्रा कूस बदलतो. चहाचा तळ गार.
बऱ्याच वेळानं
डाव्या हाताचं बोट
ब्लँकेटवरून उचललं जातं,
थोडं थरथरत,

आणि ऊना पिशव्या घेऊन आत येते,
विचारते, काय म्हणतोय हा?