दीड सेंटिमीटर

मार्चमध्येच बेचाळीसवर गेलेलं सोलापूर.
विच्छेदनगृहात दोन पंखे, त्यातला एक नुसताच घरघरणारा.
टेबल नंबर चार. उजवी मांडी.
कातडी बाजूला, चरबी बाजूला,
लांबट शिंपी-स्नायू हलकेच उचलून
मी म्हटलं, दोरा द्या.

धमनीची वळणं पट्टीला कळत नाहीत,
दोरा कळवून घेतो.
दोरा माझ्या घरचा, साखर पेठेतल्या मागावर उरलेला, लाल.

पुस्तक सांगतं: जांघेच्या बंधापासून साडेतीन-चार सेंटिमीटर खाली
मोठ्या धमनीतून खोल धमनी फुटते.
इथे दीड.
आणि खुब्याला आतून वळसा घालणारी तिची फांदी
तिच्यातून फुटलेलीच नाही,
थेट मोठीतून निघालेली,
वेगळी चूल मांडलेल्या पोरीसारखी.

‘मॅडम, म्हणजे हे चुकलंय?’
मागून यल्लालिंग.

जकार्डच्या कार्डाला एक भोक जास्त पडलं
की चादरीवरच्या मोराची मान तुटायची.
आप्पा कोपऱ्यावर खडूने लिहायचे: सेकंड.
अर्ध्या भावात जायची ती,
ऊब मात्र तेवढीच.

मी रजिस्टर उघडलं.
सत्तय्या गुर्रम, एकाहत्तर, यंत्रमाग कामगार, देहदान.
चाळीस वर्षं बारा-बारा तासांची पाळी
ह्याच मांडीवर उभी.
‘लिही. उजवी, दीड.
चूक असं लिहू नकोस.’

नऊ वर्षांनी रात्री पावणेअकराला त्याचा फोन,
होटगी रोडच्या कॅथलॅबमधून.
छातीत कळ आलेली बाई,
मनगटाची नाडी सुतासारखी,
जांघेतूनच जायचं होतं.
‘टोचायच्या आधी प्रोब ठेवला, मॅडम.
फाटा तिथंच. दीडवर.
नेहमीच्या जागी गेलो असतो
तर सुई फाट्यात, आणि रात्रभर
मांडीत रक्त साचत राहिलं असतं.’
‘मग?’
‘सरकलो की वर. बंधाच्या खालीच, पण वर.
बसली नीट.’
‘काय करते बाई?’
‘विड्या वळते. उद्या कामावर जाऊ का, विचारतीय.’

फोन ठेवून कपाटातली डबी काढली.
दोरा फॉर्मॅलिनने ताठ झालाय,
दोन गाठी, मध्ये बोटाच्या पेराहून कमी अंतर.
रंग उडालेला नाही.

सत्तय्याची डावी मांडी
आम्ही मोजलीच नव्हती.
परीक्षा तोंडावर होती.