पूल होईपर्यंत

नकाशावर विसंबू नका.
तो तुम्हाला पुलावरून आणतो.
पुलाचे खांब झालेत तीन, त्यांवर पाणकावळे
पंख वाळत घालून बसतात;
बाकीचा पूल कंत्राटदाराच्या खिशात आहे.
मागच्या मे महिन्यात एक निळी गाडी
नकाशाचं ऐकत थेट चिखलात उतरली.
भरती चढायच्या आत आमच्या पोरांनी दोर लावून ओढली.
आतली बाई तेव्हाही फोनला विचारत होती,
आता डावीकडे का?

तर गाडी अलीकडेच, मुकादमांच्या वखारीत.
रात्रीचे शंभर. फणसाखाली लावू नका.
हे ते सांगत नाहीत, मी सांगते.

रोख आणा.
एटीएम बावीस किलोमीटरवर,
आणि सोमवारी ते उपास करतं.

धक्क्यावर कुणी दिसणार नाही.
काठीला पत्र्याचा डबा टांगलाय, तो वाजवा.
तीनदा. दोनदा वाजवलात तर लाडू तारीला वाटतं
मासळीवाली आहे, आणि तो आधी चहा संपवतो.
पलीकडून ओरडेल, "येतंय!"
येतंय म्हणजे निघालो असं नाही,
येतंय म्हणजे ऐकलं.
तेवढ्यात चपला हातात घ्या, विजार गुडघ्यावर.
होडीपर्यंत पाण्यातून जाताना पाय घासत टाका,
तळाला पाखट निजलेली असते,
तिला जाग आणा, पण तुडवू नका.

केव्हा यायचं, असं फोनवर विचारतात.
मी विचारते, आज तिथी कोणती?
मग पलीकडे शांत.
सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ.
चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा.
आमची प्रणाली पाऊणकीचा पाढा
शाळेत नव्हे, या धक्क्यावर शिकली,
आणि आता बँकेत दुसऱ्यांचं व्याज मोजते.

खोली वरची, समुद्राकडची.
पंखा दोनवर ठेवा, तीनवर तो बोलायला लागतो.
लाइट गेली तर कंदील पलंगाखाली,
काडेपेटी डब्यात, डबा घट्ट लावा,
इथली हवा काड्यासुद्धा भिजवते.
पाणी सकाळी साडेसहाला चढवते.
त्यानंतर बादलीत असेल तेवढंच तुमचं.

जेवण दुपारी बाराच्या आत सांगा.
बांगडा चालत नसेल तर तेव्हाच.
तव्यावर पडल्यावर तो कुणाचंच ऐकत नाही.

पोहायचं देवळासमोर.
खडपाच्या उत्तरेला नाही.
तिथलं पाणी वरून गुळगुळीत दिसतं, साखरेच्या पाकासारखं,
म्हणून तिथेच जावंसं वाटतं सगळ्यांना.
नाही म्हटलं ना.
का ते विचारू नका,
दरवेळी तोंडाने सांगावं लागू नये
म्हणूनच हा कागद लिहिलाय,
बाकीचं सगळं नंतर जोडलं.

पूल होईल म्हणतात पुढच्या वर्षी.
हे तीन वर्षं म्हणतात.
झाला की लाडू तो डबा घरी नेणार आहे,
कोंबड्यांना पाणी ठेवायला.
मग तुम्ही गाडीतूनच अंगणात उतराल,
पाय कोरडे,
आणि तिथी कुणी विचारणार नाही.
बरंच होईल. रात्री कुणाचं पोट दुखलं तर
डॉक्टरपर्यंत अर्धा तास वाचेल.
मी पुलाच्या बाजूची आहे, लाडूलाही सांगितलंय तसं.
तो दोन दिवस बोलला नाही.

जाताना वहीत चार ओळी लिहा.
स्वर्ग लिहू नका, पस्तीस जणांनी लिहून झालाय.
डास किती होते ते लिहा,
चादर ओलसर लागली का, बादली पुरली का.
लाडूने परतीचे जास्त मागितले असतील तर तेही,
तो वाचत नाही, पण वाचून दाखवता येतं.

आणि किल्ली खुंटीला.
खिशात नको.
आमची एक पुण्यात आहे,
एक बहुतेक नाशकात.

— मथुरा केळुसकर
(फोन लागला नाही तर परसात असेन. हाक मारा.)